कॅनडात आश्रयाचा अर्ज आणि अपील दोन्ही फेटाळले. कोर्टात जाण्यासाठी इकडून काय पाठवावे?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. माझ्या भाच्याने (अक्काच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या मुलाने) व त्याच्या पत्नीने कॅनडात केलेला आश्रयाचा अर्ज आधीच फेटाळला गेला होता. गेल्या गुरुवारी त्यावरचे अपीलही फेटाळल्याचे त्यांना कळवण्यात आले, आणि आता कोर्टात जायचे असेल तर 15 दिवसांच्या आत जावे लागेल, एवढेच त्याने फोनवर सांगितले. हे लिहीपर्यंत त्यांतले 6 दिवस सरले आहेत. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. कोर्टकचेरी मला अगदीच नवी नाही; घरच्या जमिनीसाठी वडिलांबरोबर बेळगाव आणि बंगळूर अशा दोन्हीकडे मी हेलपाटे घातलेले आहेत. पण परदेशातल्या कोर्टाचे काहीच ठाऊक नसल्यामुळे येथे विचारत आहे.

हकिगत अशी आहे. भाच्याने 2021 साली दुसऱ्या समाजातील मुलीशी विवाह करायचे ठरवले आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. ही नोटीस 30 दिवस कार्यालयाच्या फलकावर लावली जाते. तिसऱ्याच दिवशी कोणीतरी त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो मुलीच्या भावांकडे पोहोचला. मुलीचे माहेर मातब्बर आहे. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर, बांधकामाची कंत्राटे आणि निवडणुकीत राबणारी माणसे त्यांच्याकडे आहेत. भाच्याला दोनदा मारहाण झाली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, अर्जाची पोच तेवढी दिली आणि ती कन्नडमध्ये आहे. विवाह झाल्यावर दोघे पुण्यात 4 महिने भाड्याने राहिले, तेथेही त्यांचा पत्ता लागला. मग शिक्षणाच्या परवान्यावर 2022 मध्ये ते कॅनडाला गेले आणि 2023 मध्ये त्यांनी आश्रय मागितला.

निकालपत्र इंग्रजीत 21 पानांचे आहे. मला समजले त्याप्रमाणे त्यांची हकिगत खोटी आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. म्हटले आहे ते असे की हे दोघे मुंबईत किंवा बंगळुरात सुरक्षित राहू शकतील, कारण ती मोठी शहरे आहेत आणि अर्जदाराला मराठी व कन्नड या दोन्ही भाषा येतात. सीमाभागात जन्मल्यामुळे आम्हांला दोन भाषा येतात, हे आमच्या विरोधात जाईल असे आयुष्यात वाटले नव्हते.

आता माझा प्रश्न. गावातले 11 लोक प्रतिज्ञापत्रे द्यायला तयार आहेत, त्यांत ग्रामपंचायतीचे एक माजी सदस्यही आहेत. ही प्रतिज्ञापत्रे येत्या दोन दिवसांत नोटरी करून, इंग्रजीत उतरवून पाठवली तर कोर्टात त्यांचा उपयोग होईल का? आतापर्यंत त्यांचे काम तेथील एका परवानाधारक सल्लागाराने पाहिले. पुढचे कामही आपणच करू असे तो म्हणतो आणि त्यासाठी 6,000 डॉलर मागतो. त्याच्यावर सोपवावे का?

निपाणीची लेक (सध्या टोरांटोजवळ)

मामा, नमस्कार. मी मूळची निपाणीची. येथील एका वकिली कार्यालयात सहायक म्हणून काम करते आणि अशा फायली रोज हाताळते. मी वकील नाही, तेव्हा खालील मजकूर वकिलाकडे जाण्यापूर्वीची तयारी म्हणून वाचावा.

आधी सल्लागाराचे सांगते, कारण तेथेच वेळ वाया जाण्याचा धोका आहे. परवानाधारक सल्लागार निर्वासित मंडळापुढे, म्हणजे पहिल्या सुनावणीत आणि अपिलात, अर्जदाराची बाजू मांडू शकतो. फेडरल कोर्टात मात्र त्याला उभे राहता येत नाही. तेथे वकीलच लागतो, नाहीतर अर्जदाराने स्वतः आपली बाजू मांडायची. त्यामुळे ते 6,000 डॉलर कशाचे, हे भाच्याने त्याला लेखी विचारावे आणि उत्तराची वाट न पाहता आजच संपूर्ण फाइल मागून घ्यावी. फाइल म्हणजे केवळ निकालपत्र नव्हे. अपिलात दाखल केलेले लेखी निवेदन, सर्व पुरावे, त्यांची भाषांतरे आणि पहिल्या सुनावणीचे ध्वनिमुद्रण हे सर्व त्यात यायला हवे. उत्पन्न कमी असेल तर लीगल एड ओंटारिओकडे (कमी उत्पन्नवाल्यांना कायदेशीर मदत देणारी संस्था) लगेच अर्ज करावा. ते उत्पन्नाबरोबर प्रकरणात दम आहे का हेही पाहतात, म्हणून तेथेही निकालपत्र लागतेच.

आता 15 दिवसांविषयी. या मुदतीत पूर्ण खटला उभा करायचा नसतो. दाखल करायचा असतो तो परवानगीचा आणि न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे झालेला निकाल कोर्टाने तपासावा यासाठीचा अर्ज. तो काही पानांचा नमुना आहे आणि त्याचे शुल्क 50 डॉलर आहे. सविस्तर युक्तिवाद आणि कागदपत्रांचा संच नंतर द्यायचा असतो. नियमात त्यासाठी 30 दिवस होते, परंतु प्रकरणांची संख्या फार वाढल्यामुळे कोर्टाने मे 2025 मध्ये विशेष आदेश काढून ते 75 दिवस केले. वकिलाकडून चालू मुदत पडताळून घ्यावी.

पण मामा, 15 व्या दिवसाचे महत्त्व याहून मोठे आहे. अपील विभागाने नाकारलेल्या आश्रयाच्या प्रकरणात हा अर्ज मुदतीत दाखल झाला, तर सर्वसाधारणपणे देशाबाहेर पाठवण्याची कारवाई आपोआप स्थगित होते आणि कोर्टाचा निर्णय होईपर्यंत ती स्थगिती टिकते. मुदत चुकली तरी खास कारण दाखवून कोर्टाकडे मुदतवाढ मागता येते आणि ती कधीकधी मिळतेही, मात्र मग ही आपोआप मिळणारी स्थगिती राहत नाही. ती वेगळा अर्ज करून मागावी लागते आणि त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रकरणात गंभीर मुद्दा आहे, परत पाठवल्यास भरून न येणारी हानी होईल, आणि सोयी-गैरसोयीचे पारडे अर्जदाराकडे झुकते. एका दिवसाच्या दिरंगाईपायी लोकांना हे दुसरे ओझे उचलताना मी पाहिले आहे.

अर्ज दाखल झाल्यावर एकच न्यायाधीश कागदपत्रांवरून परवानगी द्यायची की नाही हे ठरवतात. परवानगी नाकारली तर सहसा कारणे दिली जात नाहीत आणि त्या नकारावर अपीलही नाही. परवानगी मिळाली तर 30 ते 90 दिवसांच्या दरम्यानची तारीख लागते आणि वकिलांचा तोंडी युक्तिवाद होतो. त्या दिवशी अर्जदाराची साक्ष होत नसते. तो मागच्या बाकावर बसून ऐकतो.

प्रतिज्ञापत्रांविषयी येथे कोणी वकील असतील तर ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.

दिवाणी वकील (बेळगाव)

गुरुजी, मी 26 वर्षे बेळगावात दिवाणी वकिली करतो. परदेशात आश्रय मागणाऱ्यांसाठी येथून प्रतिज्ञापत्रे आणि कागद तयार करून देण्याचे काम गेल्या काही वर्षांत पुष्कळदा माझ्याकडे आले, त्यामुळे तिकडच्या पद्धतीशी थोडी ओळख झाली. आपल्याकडे या विषयाचा कोर्टाशी फारसा संबंध येत नाही. भारत 1951 च्या निर्वासितविषयक करारात सामील नाही, आश्रयासाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. मुंडगोडला 1966 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, ती सरकारच्या निर्णयाने वसली. त्यामुळे आश्रय नाकारला म्हणून कोर्टात दाद मागणे ही कल्पनाच आपल्या लोकांना परकी वाटते, आणि मग ते तिला दिवाणी दाव्याच्या मापाने मोजू लागतात. आपली 11 प्रतिज्ञापत्रे मला त्याच मापातली दिसतात.

आपण जमिनीसाठी बंगळूरला हेलपाटे घातल्याचे लिहिले आहे. प्रकरण कुळाचे असावे असा माझा अंदाज आहे. 1 मार्च 1974 नंतर आपल्या भागातील कुळांनी कसत असलेली जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून फॉर्म नंबर 7 भरले, लँड ट्रिब्युनलने निकाल दिले, आणि ज्याला निकाल मान्य नव्हता तो रिट घेऊन हायकोर्टात गेला. 2008 साली धारवाडला हायकोर्टाचे पीठ येईपर्यंत त्यासाठी रात्रीची गाडी पकडून बंगळूर गाठावे लागे. तेथे हायकोर्टाने कधी साक्षीदार तपासले का? जमीन कोण कसत होते हे शोधायला न्यायाधीश शेतावर आले का? ट्रिब्युनलने नोटीस दिली की नाही, उलटतपासणीची संधी दिली की नाही, पाहणीपत्रकातील नोंद वाचली की तिच्याकडे काणाडोळा केला, एवढेच पाहिले गेले. चूक सापडली तर निकाल रद्द झाला आणि प्रकरण फेरचौकशीसाठी पुन्हा ट्रिब्युनलकडे आले. जमीन हायकोर्टाने स्वतः कोणाच्या नावावर केली नाही.

कॅनडातील हे कोर्टही याच चालीने चालते. भाचा खरा की खोटा, किंवा मुंबई त्याच्यासाठी सुरक्षित आहे की नाही, हे ते न्यायाधीश नव्याने ठरवणार नाहीत. समोर आलेल्या पुराव्यावरून तो निष्कर्ष काढताना कारणमीमांसा सुसंगत, पारदर्शक आणि समजण्याजोगी होती का, हे ते तपासतील. तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये वाविलोव्ह या प्रकरणात ही कसोटी विस्ताराने मांडली असून आता बहुतेक सगळे निकाल तिच्या आधारेच चालतात. चूक आढळली तर प्रकरण परत जाते आणि मंडळाचा दुसरा सदस्य ते नव्याने ऐकतो. आश्रय कोर्ट देत नाही, हे आपल्या अक्कांनाही आधीच सांगून ठेवावे. नाहीतर कोर्टात जिंकल्यावरही पुन्हा सुनावणी का, हा प्रश्न आपल्यालाच ऐकावा लागेल.

म्हणून नव्या प्रतिज्ञापत्रांना या टप्प्यावर जवळजवळ स्थान नाही. निकाल देणाऱ्यापुढे जे कागद नव्हते, ते त्याने वाचले नाहीत अशी तक्रार करता येत नाही. न्याय्य सुनावणीच मिळाली नाही अशा तक्रारीसाठी काही अपवाद आहेत, पण गावातील 11 लोकांचे म्हणणे त्यात बसत नाही. तरीही ती करून ठेवू नका असे मी म्हणणार नाही. प्रकरण परत गेले तर नव्या सुनावणीत त्यांचा उपयोग होऊ शकेल. मात्र तेव्हा अकराजणांनी एकाच टंकलेखकाकडून करून घेतलेला एकच मजकूर नसावा. नावे तेवढी बदललेली आणि बाकी शब्दनशब्द सारखी असलेली प्रतिज्ञापत्रे मी पाहिली आहेत. त्यांनी फायदा होण्याऐवजी संशय वाढतो. ज्याने जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच त्याने आपल्या शब्दांत सांगावे.

या 9 दिवसांत आपण करण्यासारखे काम एकच आहे. निकालपत्र पेन्सिल घेऊन वाचा आणि जेथे आपल्या माहितीशी किंवा दिलेल्या पुराव्याशी विधान जुळत नाही त्या परिच्छेदाचा क्रमांक समासात लिहा.

सीमेवरचा एक

स्पष्ट विचारतो, राग मानू नये. शिक्षणाच्या परवान्यावर जायचे आणि नोकरी मिळेनाशी झाली की आश्रय मागायचा, असे करणारे आमच्याच तालुक्यातले दोन-चारजण मला माहीत आहेत. एकाने तर कधीच न झालेल्या भांडणाची बातमी छापून आणली होती. अशांमुळे खऱ्या माणसाकडेही कोणी खरा म्हणून पाहत नाही. 2022 मध्ये गेलेल्या माणसाने 2023 पर्यंत आश्रय का मागितला नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल.

निपाणीची लेक

प्रश्न रास्त आहे आणि मंडळही तो नेहमीच विचारते. उशिराचे समाधानकारक कारण नसेल तर त्याने विश्वासार्हतेला धक्का बसतो. परंतु मामांनी लिहिले आहे त्याप्रमाणे येथे हकिगत खोटी ठरवलेली नाही, अर्ज पडला आहे तो देशांतर्गत पर्यायी आश्रयाच्या, म्हणजे आपल्याच देशात दुसऱ्या शहरात सुरक्षित राहता येईल या मुद्द्यावर. भारतीयांची कितीतरी प्रकरणे याच मुद्द्यावर पडतात, कारण देश मोठा आहे आणि मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर ही नावे निकालपत्रात लिहायला सोपी आहेत. बनावट बातम्या छापणाऱ्यांबद्दलचा तुमचा राग मलाही मान्य आहे. त्यांच्या फायली आमच्याकडेही येतात, आणि आमचे वकील त्या परत करतात.

एक जुनी गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. आश्रय मागणाऱ्याला तोंडी सुनावणीचा हक्क येथे 1985 साली 4 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिळाला, आणि त्या खटल्याचे नावच सिंग असे आहे. अर्ज करणाऱ्यांत बहुतेक भारतातून आलेले शीख होते. आज माझ्यासारखीला ज्या सुनावण्यांचे ध्वनिमुद्रण ऐकून टिपणे काढण्याचा पगार मिळतो, त्या सुनावण्या त्यांच्यामुळे आहेत.

मलप्रभाकाठ

वकीलसाहेब, आपला अंदाज बरोबर आहे. आमचे प्रकरण दोनदा ट्रिब्युनलकडे परत आले होते आणि दुसऱ्या वेळेपर्यंत वडील राहिले नव्हते. त्यामुळे आपले म्हणणे लगेच उमगले.

काल रात्री पेन्सिल घेऊन बसलो. परिच्छेद 34 मध्ये असे लिहिले आहे की 2022 नंतर मुलीच्या भावांनी कोणाशी संपर्क साधल्याचा पुरावा नाही, म्हणून या दोघांना शोधण्याची इच्छा त्यांच्यात उरलेली दिसत नाही. हे वाचून मी चक्रावलो. 2023 च्या दिवाळीत पाडव्याला ते भाऊ अक्काच्या घरी आले होते, आणि अक्काने दिलेले प्रतिज्ञापत्र याच प्रसंगाचे आहे. मी मूळ मराठी आणि त्याचे इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून पाहिले. मराठीत अक्काच्याच बोलीत असे आहे: "पाडव्याला पाव्हणे आले होते. पोरगं कुठं हाय म्हणून विचारत होते. तुळशीकट्ट्यावरचा दिवा लाथेनं उडवला." इंग्रजीत पाव्हणे या शब्दासाठी 'गेस्ट्स' असे घातले आहे. आपल्याकडे पाव्हणे म्हणजे सोयरे, हे भाषांतर करणाऱ्याच्या लक्षात आले नाही. शेवटच्या वाक्यातली लाथ गाळली आहे, दिवा पडला एवढेच उरले आहे. म्हणजे इंग्रजीत वाचणाऱ्याला दिसते ते असे: सणाला घरी पाहुणे आले, त्यांनी मुलाची विचारपूस केली आणि एक दिवा पडला.

भाषांतर मीच बेळगावातून करून घेतले होते आणि त्यावर नजरसुद्धा टाकली नव्हती. परिच्छेद 41 मध्ये आणखी असे आहे की आपण कोठे राहतो हे या दोघांनी घरच्यांना न सांगणे शक्य आहे. अक्का विधवा आहे, हा तिचा एकुलता मुलगा.

दिवाणी वकील (बेळगाव)

भाषांतराची चूक त्रासदायक आहे. आपणच दिलेल्या कागदातील चुकीचा दोष सहसा निकाल देणाऱ्यावर टाकता येत नाही. तरीही मूळ मराठी प्रत सोबत जोडली होती का, आणि भाषांतरकाराचे निवेदन कोणत्या शब्दांत आहे, हे मला कळवावे. योग्य भाषांतर मी नव्याने करवून घेतो. पाव्हणे या शब्दाचा बेळगाव-खानापूरकडील अर्थ स्वतंत्र टिपेत लिहावा लागेल. आजच्या टप्प्यावर ते चालेल असे मी म्हणत नाही, पुढे लागेल म्हणून तयार ठेवू.

निपाणीची लेक

मामा, कागद थोडा वेळ बाजूला ठेवा आणि सांगा: पाडव्याचा प्रसंग भाच्याने पहिल्या सुनावणीत तोंडी सांगितला होता का? सांगितला असेल तर तो ध्वनिमुद्रणात असेल. साक्षीत तो प्रसंग असूनही निकालपत्रात "पुरावा नाही" असे लिहिले असेल, तर ती फार वेगळी बाब होते. फेडरल कोर्टाच्या 1998 च्या सेपेडा-गुटिएरेझ या निकालात असे म्हटले आहे की निकालात प्रत्येक कागदाचा उल्लेख हवाच असे नाही. पण न उल्लेखलेला पुरावा जितका महत्त्वाचा आणि निष्कर्षाच्या जितका विरुद्ध, तितका तो विचारात न घेताच निष्कर्ष काढला असे मानायला कोर्ट तयार होते. तुमचा परिच्छेद 34 याच प्रकारात मोडतो.

यालाही एक पण आहे. आता आव्हान द्यायचे आहे ते अपिलाच्या निकालाला. पहिल्या निकालातली ही चूक सल्लागाराने अपिलाच्या लेखी निवेदनात दाखवली होती का? तेथे जी तक्रार केलीच नाही, तिच्याबद्दल अपील विभागाला दोष द्यायला कोर्ट सहसा तयार होत नाही. म्हणूनच मी ते निवेदन आधी मागून घ्या म्हणाले होते.

परिच्छेद 41 मात्र मला सर्वांत आशादायक वाटतो. पर्यायी आश्रयाची कसोटी दोन भागांत आहे. श्रीलंकेतील तमिळ अर्जदारांच्या दोन खटल्यांतून, 1992 च्या रसरत्नम आणि 1993 च्या तिरुनावुक्करसू यांतून, ती पक्की झाली. पहिल्या भागात सुचवलेल्या शहरात छळाचा किंवा जिवाचा धोका आहे का हे पाहतात, आणि दुसऱ्यात सर्व परिस्थिती पाहता तेथे जाऊन राहण्याची अपेक्षा करणे अवाजवी ठरेल का हे. दुसऱ्या भागाची पायरी फार उंच आहे; मुंबईत नातेवाईक नाहीत, भाडे परवडत नाही, एवढ्याने भागत नाही. पण त्याच 1993 च्या निकालात असेही आहे की डोंगरातल्या गुहेत, वाळवंटात किंवा जंगलात लपून राहा असे कोणाला सांगता येणार नाही. आईपासूनही पत्ता लपवून राहायचे असेल, तर ते राहणे म्हणायचे की लपणे? 2020 च्या अली या निकालात कोर्टाने जवळपास हेच धरले: शोधणाऱ्यांना घरच्यांनी खोटे सांगावे किंवा माहीत नाही म्हणावे, आणि त्यासाठी स्वतःला धोक्यात घालावे, अशी अपेक्षा ठेवून ते शहर सुरक्षित म्हणता येत नाही. ज्यांच्या घरी येऊन तुळशीपुढचा दिवा लाथाडला गेला, त्या आईने "मला माहीत नाही" असे म्हणत राहावे, हीच येथे अपेक्षा आहे.

पुण्यातला पत्ता कसा लागला हेही वकिलाला सविस्तर सांगा. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, आणि पोलिसांची ठाणी संगणकाच्या जाळ्याने जोडलेली आहेत. त्यावरून माणूस सापडतो का, याची चर्चा भारतीयांच्या पुष्कळ निकालांत आहे. बहुतेक ठिकाणी मंडळ म्हणते की ते जाळे गुन्हेगारांसाठी आहे आणि खाजगी माणसाला त्यात डोकावता येत नाही. ठाण्यात ओळखीचा माणूस असला की काय होते, हे तुम्हांआम्हांला माहीत आहे; पण ते पुराव्यात आले होते का, एवढाच येथे प्रश्न आहे.

घटप्रभेचा (हुक्केरी)

माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत परवानगीच मिळाली नाही, म्हणून त्यानंतरचे लिहितो. सात महिने वाट पाहिल्यावर आलेला आदेश एका ओळीचा होता. नकार आला की स्थगिती संपते आणि देश सोडण्यासाठी 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत निघून विमानतळावर सीमा अधिकाऱ्यांकडून निघाल्याची नोंद करून घेतली, तर पुढे कधी रीतसर व्हिसा मागता येतो. मुदत उलटली की देश सोडण्याच्या त्या आदेशाचे हद्दपारीत रूपांतर होते, आणि मग परत जायचे असल्यास लेखी परवानगी काढावी लागते. परत पाठवण्यापूर्वी धोक्याची पुन्हा तपासणी मागण्याची सोय आहे, पण शेवटच्या नकारानंतर साधारणपणे 12 महिने तो अर्ज करता येत नाही. भाऊ 22 व्या दिवशी निघाला. एका एजंटाने त्याला "थांब, काही होत नाही" असे सांगितले होते. त्याचे ऐकले नाही, हे एकच बरे झाले. आता तो गोव्यात काम करतो.

मलप्रभाकाठ

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. 12 व्या दिवशी अर्ज दाखल झाला. वकील मिळाल्या, लीगल एडचा निर्णय अजून यायचा आहे, तोपर्यंत त्यांनी 50 डॉलर शुल्क आणि थोडी रक्कम घेऊन काम सुरू केले. सल्लागाराने फाइल द्यायला तीन दिवस लावले.

ताई, तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टी पाहिल्या. सुनावणीच्या मुद्रणात दुसऱ्या तासात भाचा पाडव्याचा प्रसंग सांगताना ऐकू येतो. दुभाष्यानेही तेथे मुलीचे भाऊ असेच म्हटले आहे, पाहुणे नाही. अपिलाचे निवेदन 26 पानांचे आहे, त्यात बराचसा मजकूर दुसऱ्याच कोणाच्या प्रकरणातून उचललेला वाटतो, एका ठिकाणी तर भाच्याला जालंधरचा म्हटले आहे. पण 9 व्या पानावर, तळाशी, एक वाक्य आहे की नोव्हेंबर 2023 मधील भेटीची साक्ष विचारात घेतली गेलेली नाही. वकीलबाईंनी ते वाक्य दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या की या एका वाक्यावर आपल्याला बरेच काही बांधावे लागेल.

वकीलसाहेब, 11 जणांची प्रतिज्ञापत्रे थांबवली आहेत. अक्काचे नवे भाषांतर घेण्यासाठी मी सोमवारी बेळगावला येतो, मूळ प्रत सोबत आणतो. कोर्टाने काय सांगितले असे अक्का रोज विचारते. अजून आपल्याला दारात उभे राहायची परवानगी मिळायची आहे, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, ट्रिब्युनलसारखेच की.